ठमीच्या छातीतला भुंगा

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे, मित्रांनो. बदलापूर गावातल्या एका बंद दवाखान्यात खिळ्याला लटकलो आहे. नळी कडक झाली, चकतीला गंज चढला, पण ठमीच्या छातीतला भुंगा काही विसरता येत नाही.

माझा जन्म १९८७ सालचा, उल्हासनगरच्या एका पत्र्याच्या शेडमधला. बनवलं इथे आणि छाप मारला परदेशी! मी सांगितलं होतं का मारायला? डॉक्टर श्यामकांतांनी मला हौसेने घेतलं. पुढे कुणीतरी त्यांना खरं सांगितलं, आणि मी 'डुप्लिकेट माल' ठरलो. टाकवेना म्हणून गळ्यात राहिलो, एवढंच.

१९८९ साली डोंगरातल्या ठाकरवाडीवरून पुतळी आली. कडेवर तीन वर्षांची लेक, ठमी.

"डाक्टर, पोर लई दमते. हिच्या छातीत भुंगा घुमतो. मी रोज कान लावून आयकते ना!"

डॉक्टरांनी मला ठमीच्या छातीवर टेकवलं. अरे देवा! ठोक्यांवरून सलग घूं-घूं चाललेलं, क्षणभर थांबत नव्हतं. मी ते जसंच्या तसं वर पोचवलं. डॉक्टर दचकले. मग त्यांनी मला झटकलं, नळी चोळली.

"उल्हासनगरचा माल! नळीच वाजतेय," ते म्हणाले, आणि ताकदीचं औषध देऊन मायलेकींना घरी पाठवलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी! बाकीच्यांच्या छातीवर मी कधी गुणगुणत नव्हतो, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. एकदा नाव वाईट झालं की खरं बोललेलंही खोटं वाटतं, मित्रांनो.

ठमी दरवर्षी यायची. दरवर्षी भुंगा मोठा व्हायचा, आणि दरवर्षी शिव्या मला. मला फार भीती वाटायची. त्या आवाजामागे तिचं हृदय फुगत चाललेलं मला ऐकू येत होतं, आणि सांगायला तोंड नव्हतं.

१९९६ साली दहा वर्षांची ठमी आली ती आईच्या पाठुंगळी. पाय सुजलेले, ओठ काळवंडलेले. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी खरा परदेशी स्टेथोस्कोप घेतला होता. तो छातीवर ठेवला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पुन्हा मला लावलं, पुन्हा त्याला. दोघांत भुंगा तोच.

ते स्वतः मायलेकींना घेऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेले. मी त्यांच्या खिशात होतो. तिथे मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली, औषध सोडून फोटो काढला. हृदयालाच रक्त पुरवणारी एक धमनी वाट चुकून भलत्याच कप्प्यात उघडत होती. सगळं रक्त तिकडे पळत होतं.

"त्याच नळीतून तारेचं वेटोळं सोडून ती वाट बुजवू," तिथले डॉक्टर म्हणाले. "पण वेटोळं घसरलं, तर पोर हातची जाईल."

पुतळीने संमतीच्या कागदावर अंगठा उठवला. बंद दाराबाहेर श्यामकांतांची मूठ माझ्यावर आवळली गेली होती. इतकं घट्ट त्यांनी मला कधी धरलं नव्हतं.

वेटोळं जागेवर बसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ठमीच्या छातीवर ठेवलं. भुंगा गेला होता!

पुतळी मात्र घाबरली. लेकीच्या छातीला कान लावून म्हणाली, "काहीच घुमत नाय! डाक्टर, पोर जगल ना?"

श्यामकांतांनी मला तिच्या कानात घातलं. ठोके ऐकता ऐकता तिचे डोळे वाहू लागले. मग तिने विचारलं, "मी पहिल्या दिशीच सांगितलं व्हतं. तवा का नाय आयकलं?"

डॉक्टरांनी मला आपल्या कानांत घालून पुन्हा ठमीच्या छातीवर टेकवलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पण मी काही सांगितलं तर माझा छाप बघत बसू नका, आणि आई काही सांगत असेल तर तिचं आधी ऐका. कारण त्या दिवशी पुतळीला जे कळलं नाही, ते मी ऐकलं होतं. सात वर्षं ताणलेल्या त्या हृदयात दोन ठोक्यांमागे एक थकलेला तिसरा ठोका होता, उशीर झाल्याने हृदय कमजोर पडल्याची खूण. डॉक्टरांनीही तो ऐकला होता. या वेळी त्यांनी मला झटकलं नाही.