तपासणीची सफरचंदं

आरोग्यकेंद्रातल्या सिस्टर मंगळवारी अकरा वाजता घरी येणार असा निरोप आला आणि रेक्टरांच्या अंगात जुनं वारं शिरलं.

रेक्टर म्हणजे मुलांच्या वसतिगृहाचे निवृत्त रेक्टर. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण गल्लीला त्यांचं दुसरं नाव ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत तपासणीचा एकही शेरा त्यांच्याविरुद्ध गेला नाही, आणि याचं सगळं श्रेय एका ट्रंकेला होतं. तिच्यात साठ पांढऱ्याशुभ्र चादरी असत. तपासणीच्या दिवशी सकाळी त्या गाद्यांवर चढत आणि अधिकाऱ्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की घड्या होऊन परत ट्रंकेत जात. त्या चादरींवर एकही मूल कधी झोपलं नाही. ज्याला खरूज झाली असेल त्याला त्या दिवशी मागच्या मैदानात गवत उपटायला पाठवत. रेक्टर हे लबाडी म्हणून करत नसत. चार लोकांसमोर घराची शोभा होऊ नये, एवढीच त्यांची साधी भावना होती.

आता घरात तपासण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे बायकोचा उजवा पाय. तिला साखरेचा आजार. अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम होऊन अडीच महिने झाले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आठवड्यातून तीनदा सिस्टरच्या हातून ड्रेसिंग झालं तर पाय वाचेल. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बायको एकेक पायरी बसत बसत उतरायची आणि चढताना दोनदा रडायची. दोन आठवडे असं चाललं. मग रेक्टर म्हणाले, "त्यात काय एवढं? पट्टी मी बदलीन."

मंगळवारी सकाळी त्यांनी जाळी झाडली, उशांचे अभ्रे बदलले आणि कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडून चार सफरचंदं मागून आणली.

"संध्याकाळी परत आणून देतो," ते म्हणाले.

"आणि कुणी खाल्लं तर?"

"आमच्याकडे तपासणीची फळं कुणी खात नाही."

बायकोला त्यांनी खुर्चीत बसवलं आणि पायांवर शाल टाकली. "उकडतंय हो मला," ती म्हणाली. "अर्धा तास कळ काढ," रेक्टर म्हणाले.

सिस्टर आल्या. तिशीतल्या, घामेजलेल्या, हातात फॉर्मचा गठ्ठा. त्यांना दुपारपर्यंत अजून अकरा घरं करायची होती.

"दोन्ही वेळा पोटभर जेवण होतं?"

"दोन्ही वेळा. वर फळं." रेक्टरांनी टेबलाकडे हात केला.

"दवाखान्यात जायची अडचण?"

"छे! तेवढंच फिरणं होतं."

"जिना फार..." बायको म्हणाली.

"जिना उत्तम आहे. कठडा नुकताच रंगवलाय."

"पैशांमुळे औषधं टाळावी लागतात का?"

"पेन्शन आहे आम्हाला."

"एकटं एकटं वाटतं?"

"साठ पोरं सांभाळलीत, सिस्टर. आत्ता कुठे जरा शांतता मिळालीय!"

"पायाची जखम बघू."

"आत्ताच बांधलीय. भरत आलीय. उगाच कशाला उकलायची?"

सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं आणि फॉर्मवर खूण केली. चहालाही थांबल्या नाहीत.

त्या गेल्यावर बायको म्हणाली, "मला तोंडसुद्धा उघडू दिलं नाहीत."

"अगं, घर कसं चांगलं दिसलं!"

"घर दिसलं. पाय नाही दिसला."

दोन आठवड्यांनी पत्र आलं. 'आपल्या घरी कोणतीही अडचण आढळली नाही. अभिनंदन.' रेक्टरांनी ते बायकोकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि आरशाच्या चौकटीत खोचलं. त्याच दिवशी जिन्यात त्यांना पहिल्या मजल्यावरच्या टेलरकाकू भेटल्या. चाळीस वर्षं गल्लीची मापं घेतल्याने त्यांना गल्लीतल्या प्रत्येकाचं सगळं माहीत होतं.

"रेक्टर, तुम्हाला किती मिळाले?"

"काय किती?"

"गुण हो! मला सतरा. उद्यापासून सिस्टर घरी येणार, औषधं घरपोच, मोठ्या दवाखान्यात जायचं तर गाडी. तुम्हाला?"

"शून्य," रेक्टर ताठ मानेने म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी बाहीच्या जागी पायजमा शिवलाय. "अहो, अडचणीला गुण आहेत! मी गुडघे सांगितले, सून बोलत नाही ते सांगितलं, नळ गळतो तोही सांगून टाकला. आठ मिळाले की पास. तिच्या पायाचं काय सांगितलंत?"

रेक्टर जिना चढू लागले आणि दुसऱ्या मजल्यावर पोचून थांबले. मग वळून तसेच खाली उतरले आणि थेट आरोग्यकेंद्रात गेले.

खिडकीमागे कारकून होता. रेक्टरांच्या मागे रांग.

"फेरतपासणी सहा महिन्यांनी," कारकून म्हणाला. "मध्ये परिस्थिती बदलली असेल तरच. काय बदललं?"

"काहीच नाही."

"मग?"

"मी खोटं सांगितलं होतं."

कारकुनाने फॉर्म मागूनपुढून पाहिला. "त्याला रकाना नाही, आजोबा."

"मग नवीन पाडा!" रेक्टर ओरडले. त्यांचा हा आवाज वसतिगृह सुटल्यापासून कुणी ऐकला नव्हता. आतून त्याच सिस्टर बाहेर आल्या, त्यांनी एक स्टूल ओढलं आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, पहिल्यापासून प्रश्न विचारायला सुरुवात केली. या खेपेला रेक्टर खरं बोलत होते. प्रत्येक उत्तरागणिक त्यांचे कान तापत होते आणि रांगेतल्या बायका त्यांच्याकडे न पाहण्याचा फार प्रयत्न करत होत्या.

"पैशांमुळे औषधं टाळता?"

"मी नाही."

"आणि आजी?"

"ती कशाला टाळेल?"

सिस्टरांनी घरी फोन लावला आणि आवाज मोठा केला. तोच प्रश्न त्यांनी बायकोला विचारला. पलीकडून तिने विचारलं, "ते आहेत का तिथे?"

"आहेत."

"मग नंतर सांगते."

"सांग," रेक्टर म्हणाले. "मी ऐकतोय."

"साखरेची गोळी मी एक दिवसाआड घेते. चार महिने झाले. तुम्ही बाजारातून आलात की पाकिटात किती पैसे उरले ते आधी मीच बघते, आणि गोळ्या संपल्या की मीच सांगते ना, म्हणून तुम्हाला कळलं नाही. आणि सिस्टर, जेवणाचं लिहून घ्या. रात्री मला भूक नसते असं मी म्हणते. भूक असते."

रेक्टर खिडकीची कड धरून उभे होते. एकतीस वर्षं त्यांनी अधिकाऱ्यांना फसवलं होतं; त्यांच्याच स्वयंपाकघरात आता फसणारे अधिकारी ते स्वतः होते आणि पांढऱ्या चादरी बायको चढवत होती, तीही चार महिने चोख.

सिस्टर पेन थांबवून म्हणाल्या, "पट्टी तुम्ही बदलता ना? जखमेचा रंग कसा आहे? लाल, पिवळा की काळा?"

रेक्टर सदऱ्याचं बटण चाचपू लागले.

"आजोबा, हे महत्त्वाचं आहे. कसा दिसतो?"

"दिसत नाही," रेक्टर म्हणाले. "समोर बघितलं की मधोमध धुकं असतं. वर्ष झालं. मी हाताच्या अंदाजाने बांधतो. तिला सांगतो, छान भरतेय."

सिस्टरांनी फॉर्म मिटला. किती गुण झाले ते मोजलंही नाही. "बॅग आणते. चला."

"सिस्टर, इथली रांग?" कारकून म्हणाला.

"रांगेला पाय आहेत, ती थांबेल."

घरी सिस्टरांनी खिडकीशी खुर्ची ओढून पट्टी उकलली. खोलीत वास पसरला. सिस्टरांनी जमिनीवर गुडघे टेकून पाऊल घोट्यापर्यंत दाबून पाहिलं. मग बाहेरच्या खोलीत जाऊन फोनवर हळू आवाजात बोलल्या आणि रेक्टरांना म्हणाल्या, "बोट काळं पडलंय. पावलापर्यंत सूज आहे. आजच मोठ्या दवाखान्यात. गाडी मी मागवलीय, पण गाडीसोबत फक्त ड्रायव्हर असतो. खाली तुम्हालाच आणावं लागेल."

"पाय राहील?"

"ते तिथले डॉक्टर सांगतील. मी आज खोटं नाही सांगणार."

बायको आतून म्हणाली, "काय म्हणतात हो?"

रेक्टर आत गेले आणि तिच्यासमोर बसले. त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता, भोवतीचे केस तेवढे दिसत होते.

"बोट जाईल," ते म्हणाले. "पायाचं माहीत नाही. माझ्यामुळे उशीर झाला."

ती म्हणाली, "माझं दुसरं लुगडं काढून ठेवा. आणि रडू नका, मला आत्ता तुमची समजूत घालायला वेळ नाही."

रेक्टर जिना उतरून पहिल्या मजल्यावर आले. या इमारतीत सव्वीस वर्षं राहून त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि याचाही त्यांना अभिमान होता. त्यांनी दार ठोठावलं. टेलरकाकूंनी दार उघडलं. त्यांच्या ओठांवर गुणांविषयीची कोटी तयार होती.

"काकू," रेक्टर म्हणाले, "तिला खुर्चीत बसवून खाली आणायचंय. माझ्याने होत नाही. मला दिसतही नाही. कुणी मिळेल?"

काकूंनी ती कोटी गिळली. दुखऱ्या गुडघ्यांनी लंगडत त्या जिन्याच्या कठड्याशी गेल्या आणि वर-खाली, सगळ्या दारांना ऐकू जाईल अशी हाक मारली.