सुलटा आटा

माझं तोंड फाटकं हाय, हे लातूरच्या सगळ्या क्लासवाल्यांना ठाऊक हाय. तरी किशनराव सरांनी मला बायोलॉजीला ठेवलं, कारण मी शिकवलेलं पोरांना कळतं. अर्धापूरला माझ्या धाकट्या बहिणीचं, स्वप्नालीचं नर्सिंग याच नोकरीवर चाललंय. म्हणून जिभेला लगाम घालून राहिले होते.

मग सरांना क्लासच्या दारात काहीतरी भव्य उभं करायची हुक्की आली. मी म्हणलं, माणसाच्या लायसोझाईमचा डोमेन करू. लायसोझाईम म्हणजे जंतूंची भिंत फोडणारं, आपल्या अश्रूंतलं एन्झाईम. डोमेन म्हणजे त्याचा घट्ट घडी बसलेला भाग. त्यातले हेलिक्स, म्हणजे पिळाचे वेटोळे, सगळे उजव्या वळणाचे. साध्या बोल्टाच्या आट्यासारखे. नकाशा माझा, पाईप वाकवले बजरंग वेल्डरनं. काय देखणं झालं होतं म्हणून सांगू!

उद्घाटनाआधी मी गावी जाऊन आले. येऊन बघते तर सगळे वेटोळे डावे!

"बजरंग, काय केलंस हे?"

"मॅडम, सरांनीच फिरवाय लावलं."

सर हसत आले. "वास्तुवाले महाराज येऊन गेले. परीक्षेआधी पोरं याला प्रदक्षिणा घालणार. तुमच्या वळणावरून प्रदक्षिणेच्या दिशेनं गेलं की माणूस खाली उतरतो म्हणे. पोरांची रँक उतरली तर पालक कुणाची गचांडी धरतील?"

"सर, असलं लायसोझाईम एकाबी माणसात न्हाई!"

"मग उलटं उभं करू की."

"बोल्ट पालथा केला म्हणून आटा बदलतो व्हय?"

सरांचं हसू गेलं. "माइकवर चार गोड शब्द बोला. न्हाईतर उद्यापासून येऊ नका."

मंडप पालकांनी भरला होता. माइक हातात घेतला तसं स्वप्नालीचं तोंड डोळ्यापुढं आलं. बोलणारच होते गोड. तेवढ्यात पहिल्या रांगेतली सुकन्या दिसली. गुणी पोरगी, समोर दिसेल ते पाठ करणारी. ती मान खाली घालून ते डावं वळण वहीत उतरवून घ्यायली होती. माझं डोकंच सटकलं.

"सुकन्या, खोड ते! हे चुकलंय. शरीर काय महाराजांना विचारून पीळ घालत न्हाई. खरा पीळ उजवा, आन् ज्याला रँक पाहिजे त्यानं प्रदक्षिणा सोडून पुस्तक उघडावं!"

सुकन्यानं खोडरबर काढला. सरांनी माझ्या हातातला माइक ओढला आणि दंडाला धरून मला गेटबाहेर आणलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

"रडताय कशाला आता? नोकरी गेली तुमची."

"जाऊ द्या. रागानं रडायले मी," गालावरचं पाणी न पुसताच मी म्हणाले. "आन् बघून घ्या सर, ह्या पाण्यातलं लायसोझाईम अजून सुलट्याच आट्याचं हाय. ते न्हाई फिरवता यायचं तुमच्या महाराजाला."