एकोणीस नंबरचं सील

सात नंबरचं कोठार गेल्या तपासणीपासून दोनशे पावलं लांब झालं होतं, आणि केंद्रातल्या एकाही शहाण्याने मला ते कळवलं नव्हतं. बाहेरून इमारत होती तेवढीच होती. मागच्या भिंतीला टेकलेला शेवगासुद्धा जागचा हलला नव्हता. आत मात्र दारात उभं राहून शेवटची भिंत दिसत नव्हती.

"वाढलंय थोडं," चिटणीस म्हणाले. चिटणीस म्हणजे केंद्राचे प्रमुख. माणूस इतका गुळगुळीत की अंगावर बसलेली माशी घसरून पडेल.

"थोडं?"

"दरवर्षीच वाढतं, मॅडम. तुम्ही सही करून गेलात की दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. कधी बोटभर, कधी पाऊलभर. आम्हाला वाटलं, तुम्हाला कल्पना असेल."

मी मान हलवली. तपासणी अधिकाऱ्याने एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही असं कबूल करायचं नसतं, हे मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकले होते.

बाकी तयारी नेहमीची होती. दाराच्या आत फरशीवर पिवळी रेघ नव्याने रंगवलेली होती, अजून ओली होती. रेघेच्या अलीकडे माझी खुर्ची, तिच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल, शेजारी स्टुलावर चहा आणि बशीत कांदाभजी. कोठारात चोवीस पिंपं असतात. त्यांत काय असतं ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल, पण नाव कोणी घेत नाही. आम्ही 'माल' म्हणतो. प्रत्येक पिंपाच्या झाकणाला तार आणि तारेला शिशाचं सील. सील शाबूत म्हणजे पिंप उघडलेलं नाही. तपासणी अधिकाऱ्याने दरवर्षी एकेका पिंपापाशी जायचं, सील हातात धरून बघायचं आणि मग कागदावर बरोबरची खूण करायची. एवढंच माझं काम.

पहिल्या वर्षी माझा गुडघा सुजला होता. चिटणीसांनी खुर्ची मागवली. कोठीवाला हरेश्वर तामोरे आत गेला, एकेका पिंपापाशी उभा राहून ओरडून सांगू लागला, आणि मी बसल्या जागी खुणा केल्या. गुडघा आठ दिवसांत बरा झाला. खुर्ची मात्र अकरा वर्षं राहिली. त्या अकरा वर्षांत माझ्या अहवालांवर वरून एकही ताशेरा आला नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

मी खुर्चीत बसले, कागद मांडीवर घेतला. "तामोरे! एक?"

मी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि मग उत्तर आलं. "शाबूत, मॅडम!" आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा बारीक होता.

"एवढ्या लांब कशाला उभं केलंय त्याला?"

"उभं नाही केलं," चिटणीस म्हणाले. "मागच्या तपासणीपासून तो बाहेर आलेला नाही."

"वर्षभर?"

"हजेरी लागते ना रोज. इथून हाक मारली की ओ देतो."

तेव्हा दाराबाहेरच्या पायरीवर बसलेली बाई उठली. पन्नाशीची, काटक, हातात तीन खणी डबा. तिच्या मागे अंगणात बांबूंचा ढीग होता, एकाला एक जाळ्याच्या दोरीने बांधलेले.

"मी जयवंती, तामोऱ्यांची बायको," ती म्हणाली. "रेघेच्या आत दोघांनीच जायचं असतं, कोठीवाल्यानं नाहीतर तपासणीवाल्यानं. म्हणून मी डबा बांबूनं आत ढकलते. पहिल्यांदी पाच-धा बांबू जोडले की पुरायचे. मग वीस बांधले, मग चाळीस. बोंबील सुकवायचे आमचे बांबू संपले तसे शेजारणींचे आणले. अख्ख्या पाड्यात औंदा बोंबील सुकला नाय, मॅडम. सगळं बंदर हितं आडवं पडलंय." ती क्षणभर हसली आणि लगेच थांबली. "तीन दिवस झाले, आता बांबू पुरत नाय. डबा तसाच परत येतोय."

"साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. सरकारी काम नि सहा महिने थांब म्हणतात, आमचं तर वरीस झालं. त्यांच्या पोटात तीन दिवस अन्न नाय. तुम्ही तरी आणा त्यांना बाहेर."

रेघेचा तो नियम माझाच होता. तिसऱ्या वर्षी मी तो सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर लावायला दिला होता. तो समोरच लटकत होता, आणि खाली माझी सही.

"सही करून टाका, मॅडम," चिटणीस हळूच म्हणाले. "बाकीचं बघू पुढच्या वेळी."

"आणि नाही केली तर?"

"तसं कधी झालेलं नाही."

मला त्याचा राग आला, आणि रागापाठोपाठ लाज वाटली, कारण 'बघू पुढच्या वेळी' हे माझंच वाक्य होतं. अकरा वर्षं वापरून झिजलेलं, आज त्याने मला परत दिलं. मी जयवंतीकडून डबा घेतला आणि रेघ ओलांडली. रंग चपलेला लागला. वीसेक पावलं गेल्यावर मागे वळून पाहिलं, तर पिवळे ठसे माझ्यामागून येत होते. इतक्या वर्षांत त्या फरशीवर उमटलेली माझी ती पहिलीच पावलं.

दोनशे पावलांवर एक खुर्ची होती. पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल. खुर्चीत मी बसले होते.

मोहरी रंगाची साडी, म्हणजे मागच्या वर्षीची मी. मांडीवर कागद, डाव्या हातात भजं.

"एकोणीस?" खुर्चीतल्या मीने विचारलं.

खोलवरून उत्तर आलं, "मॅडम, एकोणीस शाबूत नाही. आता मी इथून हलत नाही, तुम्ही स्वतः येऊन बघेपर्यंत."

"बघू पुढच्या वेळी," ती म्हणाली, भजं चटणीत बुडवलं आणि बरोबरची खूण केली.

मला आठवलं. मला तेव्हा नीट ऐकू आलं होतं. ऐकू आलं नाही असं म्हणण्याची सोय माझ्याकडे नव्हती.

"अगं ऊठ," मी तिचा खांदा हलवला. "ऊठ, आत चल."

"मध्ये बोलू नका," ती मान वर न करता म्हणाली. "तपासणी चालू आहे."

मी पुढे निघाले. पुढची खुर्ची त्याच्या आदल्या वर्षाची होती. तीत मोरपंखी साडी नेसून मी बसले होते, ती साडी मी नंतर बहिणीला देऊन टाकली. इथे तामोरे विनवत होता: "मॅडम, पाया पडतो, एकोणीसपाशी एकदा या." बघू पुढच्या वेळी. त्याच्या आदल्या वर्षी तो म्हणत होता की झाकण वर येतंय. त्याच्या आदल्या वर्षी, की साहेबांना सांगितलं पण साहेब म्हणतात मॅडमना सांग. खुर्ची मागे पडेल तसा त्याचा आवाज तरुण होत गेला आणि विनंती साधी होत गेली. माझा आवाज मात्र सगळीकडे सारखाच होता. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, ते बसून भजी खाणारं कुंपण मी अकरा वेळा पाहिलं.

छातीवर लावलेला बिल्ला मी मध्येच पाहिला. आत जाणाऱ्याने तो लावायचा असतो. अंगावर किती किरण पडले ते त्यातली पट्टी काळी पडते त्यावरून कळतं. माझी पट्टी कडेने करडी झाली होती.

अकराव्या खुर्चीतल्या मीने गुडघ्याला क्रेप बँडेज बांधलं होतं. केस जवळजवळ काळे होते. तिच्यापासून जेमतेम दहा पावलांवर पिंपं सुरू होत होती. दहा पावलं! गुडघा सुजला असला तरी लंगडत जाता आलं असतं.

"एकोणीस?" ती म्हणाली.

"एकोणीसचं तेवढं एकदा येऊन बघता का, मॅडम? तार सुटल्यासारखी वाटते. माझी नजर चुकत असेल."

"बघू पुढच्या वेळी."

तामोरे एकोणीस नंबरच्या पिंपाला टेकून उभा होता. दोन्ही तळवे झाकणावर दाबलेले. गालफडं बसली होती, आणि त्याच्या बिल्ल्यातली पट्टी काजळी धरलेल्या कंदिलाच्या काचेसारखी काळी झाली होती.

"आलात?" तो म्हणाला.

"आले."

"बसायला काही नाही इथं."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी डबा खाली ठेवला आणि तार हातात धरली. नोकरीत पहिल्यांदा मी सील बघायला हात पुढे केला होता, आणि सील नव्हतं. तारेची दोन टोकं सुटी लोंबत होती. झाकण एका बाजूने वर आलं होतं आणि त्या फटीतून कोठार बाहेर येत होतं. करड्या फरशीची कड, तिच्यामागे भिंतीचा चुना, ओलसर, ताजा, सावकाश पुढे सरकत होता.

"हात दाबून ठेवला की कमी येतं," तामोरे म्हणाला. "काढला की भराभर येतं. मागल्या वर्षीच ध्यानात आलं. मग कसा बाहेर येणार? हे असंच वाढलं तर भिंत फोडेल, पुढं आमचा पाडा आहे."

"ओरडून का नाही सांगितलंत?"

"रोज सांगत होतो की. हजेरीच्या वेळी."

मी कागद पिंपावर ठेवला आणि एकोणीससमोर लिहिलं: शाबूत नाही. स्वतः पाहिलं. खाली सही केली. अकरा वर्षांतली ती माझी पहिली खरी सही.

"हा कागद घ्या आणि चालू पडा," मी म्हणाले. "चिटणीसांच्या हातात देऊ नका, तो दाबून ठेवेल. जयवंतीबाईंना घेऊन सरळ मुख्यालयात जा. नवं सील, नवं झाकण, माणसं, सगळं यायला हवं. तोवर मी धरते."

"तुम्हाला जमेल?"

"न जमायला काय झालं? जेवा आधी दोन घास."

"घरी जेवतो," तो म्हणाला. "ती पण उपाशी असेल. मी जेवल्याबिगर ती जेवत नाही."

मी माझे तळवे त्याच्या तळव्यांशेजारी ठेवले. झाकण कोमट होतं आणि खालून कोणीतरी सावकाश ढकलत असावं तसं वाटत होतं. त्याने आपले हात काढले. त्याच्या तळहातांवर एकही रेषा उरली नव्हती.

"काही झालं तरी हात काढू नका, मॅडम," तो म्हणाला. एका हातात डबा, दुसऱ्यात कागद घेऊन तो माझ्या पिवळ्या पावलांवर पाऊल ठेवत निघाला. लांब, फार लांब, दाराचा उजेड तांदळाच्या दाण्याएवढा दिसत होता. त्या उजेडात काहीतरी हललं. जयवंती उभी राहिली असावी.

त्याच्या वाटेतल्या पहिल्याच खुर्चीपाशी, बँडेजवाल्या मीपाशी, तो थांबला आणि सवयीने त्याने कागद पुढे केला. अहवाल खुर्चीतल्या अधिकाऱ्याला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही, हाही माझाच नियम.

"तिला देऊ नका!" मी ओरडले. "तामोरे, पुढे चला!"

बँडेजवाल्या मीने मान वर न करता कागद घेतला आणि बशीखाली सारला. मग आपल्या कागदावर पेन टेकवून ती माझ्या दिशेने म्हणाली, "एकोणीस?"

तामोरेने वळून माझ्याकडे पाहिलं. उत्तर आता त्याने द्यायचं नव्हतं. पिंपाजवळ मी होते.

"शाबूत नाही!" मी ओरडले. "सील नाहीच! एकदा येऊन बघ! दहा पावलं आहेत फक्त, ऊठ!"

तिच्या पलीकडच्या खुर्चीतून माझा आवाज आला, "एकोणीस?" मग त्याच्या पलीकडून, मग आणखी पलीकडून, अकराही खुर्च्यांतून, दारापर्यंत.

"शाबूत नाही!"

"बघू पुढच्या वेळी," खुर्चीतली मी म्हणाले, आणि खूण करताना पेन कागदावर घासल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. माझ्या हातांखाली झाकण बोटभर उचललं गेलं. फरशीची एक नवी ओळ बाहेर पडली आणि तामोरेच्या पुढे जाऊन बसली. तो डबा सांभाळत चालत होता, आणि दार त्याच्यापासून तेवढंच लांब होतं.