घरचा नंबर

ऑडिटच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "आपत्कालीन यादीत रिकामा रकाना नको." डोंबिवलीच्या आमच्या कारखान्यात नऊ कंत्राटी कामगार होते. प्रत्येकाच्या घरचा नंबर कोण विचारत बसणार? नऊही ठिकाणी मी माझाच ठोकला. यादीचं कौतुक झालं, साहेबांनी पेढे वाटले. मी निर्लज्जासारखे दोन खाल्ले.

आज सकाळी रिअ‍ॅक्टर फुटला. दुपारी गेटवर माझा मोबाइल वाजला. कंपनीच्या नौपाड्याच्या हेड ऑफिसातली नवी मुलगी कागदावरून वाचत होती, "सहदेव भोईर यांच्या घरचे ना? कळवताना अत्यंत दुःख होतंय..."

मी फोन कापला. समोर सहदेवची बायको उभी होती.

"भाऊ, कंपनीचा फोन नाय आला मला. म्हंजे तो बरा हाय ना?"

हातातला फोन पुन्हा वाजला.