खिडकीकडची बाटली

गल्लीत त्याला सगळे ‘अर्धा डॉक्टर’ म्हणायचे, आणि त्याला ते मनातून आवडायचं. नोकरी होती जनावरांच्या दवाखान्यात मदतनिसाची. कुत्र्याचं तोंड धरायचं, मांजराची नखं चुकवायची, जखमा धुवायच्या, टेबल पुसायचं. पण केस पिकेपर्यंत एकाच दवाखान्यात दिवस काढले की डॉक्टरकी अंगात मुरतेच. कुणाचा गुडघा फुटला, कुणाच्या बोटाला पू झाला की लोक आधी त्याच्याकडे. “अहो, मी जनावरांचा आहे,” असं तो तोंडदेखलं म्हणायचा आणि लगेच चष्मा लावून बसायचा.

घरात माणसं दोनच, तो आणि त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा त्याला चड्डीची नाडीही बांधता येत नव्हती. ताईनं त्याला वाढवलं, त्या गडबडीत तिचं लग्न राहिलं आणि पुढं त्याचंही राहिलं. ताई रफू करायची. कोटाला जळून भोक पडलं की त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून दोरे काढायची आणि ते भोक असं विणून भरायची की खुद्द मालकानं उजेडात धरून शोधावं. साठी उलटली तरी सुईत दोरा ओवायला तिला चष्मा लागत नव्हता, आणि हे ती येईल त्याला ऐकवायची. डावा डोळा मात्र जन्माचा आळशी. त्यातून नुसते आकार दिसायचे. “सगळा संसार उजव्याच्या जिवावर चाललाय,” ती म्हणायची, “डावा आपला पाहुणा. बसून खातो.”

तो उजवा डोळाच आला. सकाळी पापण्या चिकटलेल्या, पांढऱ्यात लाल शिरा, कडेला चिपडं. रफूला आलेला एक कोट तिच्या मांडीवर तसाच पडून होता.

“डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन येऊ का?” तिनं विचारलं.

“एवढ्यासाठी? तिथं अर्धा दिवस बसवतील आणि थेंब देतील. थेंब मीही देतो की.”

आता एक सांगायला हवं, तो निष्काळजी माणूस नव्हता. उलट स्वच्छतेच्या बाबतीत त्याच्याइतका किरकिरा माणूस गल्लीत दुसरा नसेल. फळीवर गेल्या वर्षीची डोळ्यांची बाटली होती, ती त्यानं आधी कचऱ्यात टाकली. “उघडलेली बाटली महिन्याभरात फेकायची असते ताई, मग तिच्यात औषध कमी आणि जंतू जास्त.” तिचा टॉवेल वेगळा केला, उशीचा अभ्रा बदलला, डोळा चोळलास तर बघ, असा दम भरला. वर एक व्याख्यानही दिलं. थेंब घालताना बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही, एकाची बाटली दुसऱ्यानं वापरायची नाही, थेंब पडला की डोळा मिटून कोपऱ्यावर बोट दाबून धरायचं. ताई हे सगळं मान डोलावत ऐकत होती. ज्याचं नाक आपण पुसलं तो आता आपल्याला स्वच्छता शिकवतोय, याचं तिला भारी कौतुक.

चुकलं ते पुढं. दवाखान्यात एक तपकिरी आयोडीनचं औषध असतं, जखमा धुवायचं. कुत्र्यामांजरांचे डोळे चिकटले की डॉक्टरीणबाई तेच औषध सलाईनमध्ये अगदी पातळ करून डोळे धुवायला सांगायच्या. किती पातळ, ते त्याला पाठ होतं. किती जनावरांचे डोळे त्याच्या हातून उघडले होते याला गणती नाही. मग जे कुत्र्याला चालतं ते ताईला का चालू नये? औषध तेच, जंतूही तेच, एवढा साधा हिशेब.

पण तसल्याच तपकिरी औषधाचा दवाखान्यात आणखी एक प्रकार होता. त्यात साबण घातलेला असतो. ऑपरेशनच्या आधी हात घासायला तो, आणि डोळ्याच्या आसपासही न्यायचा नाही असा. दोन्ही औषधं मोठ्या कॅनमधून यायची आणि सारख्याच छोट्या बाटल्यांत ओतली जायची. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या भिजून भिजून कधीच्या गळून गेल्या होत्या. चिठ्ठी हवी कुणाला? नळाकडची साबणाची, खिडकीकडची बिनसाबणाची. इतक्या वर्षांत एकदाही घोळ झाला नव्हता. आणि त्याच आठवड्यात नळ गळतो म्हणून प्लंबर आला होता. त्यानं फळी रिकामी केली, काम केलं, सगळं पुसून नीटनेटकं परत लावलं आणि गेला.

संध्याकाळी निघताना यानं खिडकीकडच्या बाटलीतून घेतलं.

घरी वाटी उकळून घेतली, हात कोपरापर्यंत धुतले. सलाईनमध्ये औषध मिसळून हलवलं तेव्हा वर थोडा फेस आला. हलवलं की बुडबुडे यायचेच, असं म्हणून त्यानं तो निवू दिला. ताईनं खुर्चीत मान मागं टाकली. पहिला थेंब पडला तशी ती खुर्चीतून उठायलाच आली.

“आई गं!”

“हलू नकोस. झोंबणारच. झोंबतंय म्हणजे लागू पडतंय.”

“जनावरं गप बसतात?”

“तुझ्यापेक्षा गप बसतात.”

ती हसली आणि तिनं मान पुन्हा मागं टाकली. त्यानं दुसरा थेंब घातला.

दुसऱ्या दिवशी डोळा जास्त लाल होता. तो म्हणाला, औषध जंतूंना बाहेर काढतंय. तिसऱ्या दिवशी ताईला खिडकीचा उजेड सोसेना. तिनं पडदा ओढला आणि डोळ्यावर ओला रुमाल धरून बसली. त्याला थोडी काळजी वाटली, नाही असं नाही. पण कामावर जायची वेळ झाली होती. “दुपारी थेंब चुकवू नकोस,” त्यानं कालवलेलं औषध भरलेली छोटी बाटली तिच्या हातात दिली. “संध्याकाळी नाही उतरलं तर जाऊ दाखवायला.”

त्या दिवशी दवाखान्यात एका मांजरीचं ऑपरेशन होतं, प्लंबर येऊन गेल्यापासूनचं पहिलंच. मांजर टेबलावर बेशुद्ध. त्यानं नळाखाली हात धरले, सवयीनं नळाकडची बाटली घेतली, ओतली, घासलं. फेस आला नाही. आणखी ओतलं. तळहातावरून नुसतं तपकिरी पाणी ओघळलं.

“साबण संपला की काय?” शेजारी उभ्या डॉक्टरीणबाईंनी हात लांब करून खिडकीकडची बाटली घेतली. दोनदा चोळताच त्यांचे हात मनगटापर्यंत फेसानं भरले. “प्लंबरनं उलट्यापालट्या ठेवलेल्या दिसतात. बरं झालं कळलं, नाहीतर कुठल्या तरी जखमेत साबण गेला असता.”

नळ चालू होता आणि तो बाईंच्या हातावरच्या फेसाकडं बघत राहिला. तो फेस त्यानं घरी वाटीत बघितला होता. निवू दिला होता.

सांगायला तोंड उघडेपर्यंत बाईंनी मांजरीचं पोट उघडलं होतं आणि त्याच्या हातात चिमटा दिला होता.

“मॅडम, मला घरी फोन करायचाय.”

“आत्ता? हे धरलंयस ते सोडलंस तर रक्त थांबायचं नाही.”

“ताईच्या डोळ्यात... खिडकीकडची घातली मी. तीन दिवस.”

बाईंनी मान वर केली. त्या बाईला काही समजावून सांगावं लागत नव्हतं, आणि तेच वाईट होतं.

“माझी ही गाठ बसली की तू पळ. तोवर हात हलवू नकोस,” एवढंच त्या म्हणाल्या आणि भराभर टाके घालू लागल्या. त्याच्या खिशातला फोन काढून त्यांनाही लावता येईना, दोघांचेही हात मांजरीच्या पोटात. भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं. दुपारचा थेंब घालायची वेळ जवळ येत होती, आणि ताई त्याचा शब्द कधी खाली पडू द्यायची नाही. त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपली बहीण जरा कमी आज्ञाधारक असती तर बरं झालं असतं.

गाठ बसली. जिन्यातून उतरताना त्यानं फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. ताईला फोन उचलायला डोळे उघडावे लागले असते.

तो घरात शिरला तेव्हा ती पलंगावर बसली होती आणि छोटी बाटली तिच्या मुठीत होती.

“घातला रे,” ती म्हणाली. “वेळेवर घातला.”

त्यानं तिला मोरीत नेलं, डोकं वाकवलं आणि उजव्या डोळ्यावर स्वच्छ पाणी सोडत राहिला. पापणी बोटांनी उघडून धरली होती. पाणी तिच्या मानेवरून, ब्लाउजमधून, जमिनीवर.

डोळ्यांच्या दवाखान्यातला डॉक्टर वयानं लहान होता. त्यानं आधी बधिर करणारा थेंब घातला आणि ताईचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा सैल पडला. मग पिवळा रंग घालून, निळ्या उजेडात भिंगातून बराच वेळ पाहिलं.

“काय घातलंत यात?”

“काही नाही हो,” ताई पटकन म्हणाली. “मीच चोळला.”

“मी घातलं,” तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं. बाटल्या, फळी, साबण, सगळं. डॉक्टरनं आवाज चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“डोळ्यात चालणारं आयोडीन असतं,” डॉक्टर शांतपणे म्हणाला. “पण ते डोळ्यासाठीच बनवलेलं, ठरावीक ताकदीचं, बंद बाटलीत येतं. घरी कालवायचं नसतं. साबणानं बुबुळाची वरची साल गेलीय आणि जंतू आत उतरलेत. जखम अगदी मधोमध आहे.”

“ते आत्ता घातलंत ते घरी द्या ना,” तो म्हणाला. “तिचं दुखणं थांबतं त्यानं.”

“ते घरी देत नाहीत. दुखणं थांबतं आणि जखमही भरायची थांबते.”

म्हणजे दुखू द्यायचं. तासातासाला जंतू मारणारे थेंब घालायचे आणि दुखू द्यायचं. घरी आल्यावर तेवढंच काम उरलं. आता तो बाटलीवरचं नाव वाचायचा, तारीख वाचायचा, पुन्हा नाव वाचायचा. तरी एखादा थेंब गालावर पडायचा. ताई तो पदरानं टिपायची आणि म्हणायची, “आणखी एक घाल.” रफूचा कोट ज्यानं दिला होता तो दुकानदार येऊन घेऊन गेला. दुसऱ्या कुणाला तरी देईन म्हणाला. ताईनं त्याला कोटाच्या आत काढून ठेवलेले दोरे कागदात गुंडाळून दिले आणि ते कुठल्या रंगाला कुठले, ते समजावून सांगत बसली. हा स्वयंपाकघरात तोंडावर पाणी मारत उभा राहिला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरनं सांगितलं की जखम भरतेय, डोळा जाणार नाही, थेंब चालू ठेवा. दोघांनी एकदम श्वास सोडला. मग डॉक्टर म्हणाला, पण मधोमध पांढरा डाग राहील. माणूस दिसेल, दार दिसेल.

“सुईचं नेढं?” ताईनं विचारलं.

डॉक्टरनं खुर्ची थोडी पुढं ओढली. पुढं कधीतरी बुबुळ बदलायचा विचार करता येईल, असं काहीसं तो बोलला. लांबचं होतं, जर-तरचं होतं. ताईनं शहाण्या पोरासारखी मान हलवली.

बाहेर बाकावर दोघं बसून राहिली. ती समोरच्या भिंतीकडं बघत होती, किंवा भिंत जिथं असावी तिकडं.

“ताई, ओरडली का नाहीस गं?” त्याचा आवाज फाटला. “पहिल्याच दिवशी माझ्या हातावर फटका का नाही मारलास? एवढं झोंबत होतं तर!”

“झोंबत होतं,” ती म्हणाली. “साबणासारखं. डोकं धुताना जातो ना डोळ्यात, अगदी तस्सं. मला पहिल्याच थेंबाला वाटलं होतं, हा साबण आहे.”

“मग?”

“मग काय? म्हटलं मला अडाणीला काय कळतंय. तू एवढं शिकलास त्या दवाखान्यात. तू घालतोयस म्हणजे असेल काहीतरी बरोबरच.” तिनं हात चाचपडत त्याचा गुडघा शोधला आणि थोपटला. “रडू नकोस रे, लोक बघतात. थेंबाची वेळ झाली का?”

झाली होती. त्यानं पिशवीतून बाटली काढली. ताईनं बाकाला पाठ टेकली, मान मागं टाकली आणि तो डोळा जेवढा उघडता येईल तेवढा मोठा उघडून त्याच्यासमोर धरला.