मला थर्मामीटर म्हणू नका

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या दारातून आत आलात की समोरच्या खिडकीखाली, टेबलावर, एकेकाळी पांढरा असलेला एक लांबट पेटारा दिसेल. त्यावर कोणी छत्री ठेवली असेल तर ती बाजूला करा. खाली मी आहे. मी एक जुना स्पेक्ट्रोमीटर आहे. नाव घेताना जीभ अडखळली तर लाजू नका. झाडलोट करणारे काका मला इतकी वर्षे नुसते 'पेटी' म्हणतात आणि मी कधी राग मानला नाही.

माझे काम सांगायला सोपे आहे. माझ्या पोटात एक दिवा आहे. त्याचा बराचसा उजेड तुमच्या डोळ्यांना दिसतच नाही. त्या उजेडासमोर काचेच्या कुपीत एखादा पदार्थ ठेवला की तो त्यातला थोडा उजेड खाऊन टाकतो. प्रत्येकाची आवड वेगळी. पाण्याला एक भाग आवडतो, साखरेला दुसरा, तेलाला तिसरा. कोणी काय खाल्ले आणि ताटात काय उरले ते मी बघतो आणि एक वळणावळणाची रेघ काढून देतो. थोडक्यात, मी चहाडखोर आहे. पण पदरचे काही घालत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या बायका हातमोजे घालून माझे आरसे बसवत. एकीला शिंक आली की बाकीच्या तिला धरून खोलीबाहेर नेत, मग ती शिंके. असे लाड झाले माझे. इथे आलो तेव्हाही माझ्या खोलीत चपला घालून यायला बंदी होती. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांच्या डोक्यावर तेव्हा केस होते. पाहुणे आले की ते माझ्या पाठीवर हात ठेवून फोटो काढून घेत.

मग दिवस पालटले. संगणक बारीक झाले, सर जाड झाले, मी होतो तसाच राहिलो. माझ्या पाठीवर आधी एक कुंडी आली, मग छत्र्या आल्या, मग जेवणाचे डबे आले. माझ्या दिव्यामुळे डबा कोमट राहतो, हा शोध कोणाला तरी लागला. गेल्या काही वर्षांत या खोलीत लागलेल्या शोधांपैकी सगळ्यांच्या उपयोगी पडलेला तो एकच, असे मी नम्रपणे सांगतो.

अशा वेळी ताई आली. संशोधन करायला आलेली, घरी तान्हे बाळ ठेवून आलेली, खांद्यावर कायम दुधाचा एक डाग असलेली ताई. तिने पहिल्याच दिवशी कुंडी उचलली, डबे उचलले, मऊ फडक्याने माझी खिडकी पुसली आणि म्हणाली, "चल बाबा, आता आपण दोघं कामाला लागू." मला कोणी 'बाबा' म्हटले नव्हते. माझा दिवा जरा जास्तच उजळला असेल.

काम होते मधातली भेसळ ओळखण्याचे. ताई शुद्ध मधाच्या कुप्या भरे आणि काही कुप्यांमध्ये मुद्दाम साखरेचा पाक मिसळे. मी दोन्हींच्या रेघा काढी. पण शुद्ध आणि भेसळीच्या रेघा जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. त्यांतला फरक शोधायला एक खास गणित लागते, त्याला केमोमेट्रिक्स म्हणतात. ढीगभर रेघा त्याच्यापुढे ओतायच्या, कुठली शुद्ध आणि कुठली भेसळीची ते सांगायचे आणि मग ते आपले आपण फरक शिकते. ते शिकते कसे? तुम्ही जसे शिकता तसे. जी खूण सगळ्यांत सोपी, ती आधी पकडायची.

आता ताईचा स्वभाव ऐका. ती अतिशय नीटनेटकी. पाकाचा एक थेंबही शुद्ध मधात जाऊ नये म्हणून ती सकाळी फक्त शुद्ध मधाच्या कुप्या मोजायला घेई. त्या संपल्या, टेबल धुतले, हात धुतले, की दुपारी भेसळीच्या. हा क्रम तिने कधी मोडला नाही. आणि दुपारी आमच्या खिडकीतून ऊन येते. ते आधी कुप्यांवर पडते, मग माझ्यावर. मला तेव्हाच कसेसे वाटत होते, पण मला विचारतो कोण?

एके दिवशी ताईने गणिताची परीक्षा घेतली. नव्या कुप्या, पण क्रम तोच. संगणकाच्या पडद्यावर शुद्ध मधाचे निळे ठिपके डावीकडे, भेसळीचे लाल ठिपके उजवीकडे, मधे भलामोठा मोकळा रस्ता. शंभरपैकी शंभर! सर खुर्चीतून उठले. ती खुर्ची डुगडुगते, त्यामुळे उठताना त्यांना तोल सावरावा लागला, पण चेहऱ्यावरचे हसू काही सांडले नाही. त्यांनी सगळ्यांना बिस्किटे वाटली. माझ्या पाठीवर पुन्हा हात ठेवून फोटो काढला. मी म्हटले, आले बुवा दिवस परत.

मग मधवाल्या काकूंची बाटली आली.

काकू मधमाश्या पाळतात आणि मध एका दुकानात देतात. दुकानदाराने त्यांची एक बाटली तपासायला पाठवली होती. बाटली दुपारी आली, दुपारीच तपासली. गणिताने ती लाल ठिपक्यांत नेऊन बसवली. भेसळ! दुकानदाराने त्याच दिवशी काकूंच्या सगळ्या बाटल्या फळीवरून उतरवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दुकानदाराने परत दिलेली तीच बाटली पोटाशी धरून दारात उभ्या.

"माझ्या मधात साखर कोणी म्हटलं?"

"काकू, मशीनने म्हटलं," सर म्हणाले.

"बोलवा त्याला."

सरांनी माझ्याकडे बोट दाखवले. काकूंनी मला खालीवर न्याहाळले. "अहो, माझ्या घरात चहाला साखर नाही, डॉक्टरांनी बंद केलीये. मी मधात कुठून घालू? बाजारात आज बायका मला बघून कुजबुजत होत्या. परत तपासा. माझ्यासमोर."

ताईने तपासले. सकाळची वेळ, खोली गार. निळा ठिपका. शुद्ध.

"मग काल काय झालं होतं?" काकूंनी विचारले.

सरांनी टक्कल खाजवले. "मशीन जरा जुनं आहे..."

"म्हणजे जुना माणूस खोटं बोलला तर चालतं?"

सरांनी पुन्हा टक्कल खाजवले. उत्तर माझ्याकडे होते, पण मला बोलता येत नव्हते. काकू तर हलायला तयार नाहीत. "एकदा भेसळ, एकदा शुद्ध. तिसऱ्यांदा मीठ सांगेल. मी इथेच बसते." असे म्हणून त्या खिडकीजवळच्या स्टुलावर बाटली मांडीवर घेऊन बसल्या, तापलेल्या लेकराला घेऊन दवाखान्यात बसतात तशा.

सर बाहेर जाऊन फोनवर बोलू लागले. दार उघडेच होते. "हो, जुनं मशीन. नाही, दुरुस्त नको, घेऊनच जा."

मित्रांनो, माझ्या पोटात दिवा आहे, तरी तेव्हा पोटात अंधार झाला.

दुपारी भंगारवाला आला. कलिंगड वाजवून बघतात तसे त्याने मला टकटक वाजवून बघितले. "पत्रा चांगलाय," तो म्हणाला. इतक्या वर्षांत माझ्या अकलेबद्दल पुष्कळ ऐकले होते, पत्र्याची स्तुती पहिल्यांदाच ऐकली.

"थांबा दोन मिनिटं," ताई म्हणाली. "शेवटचं एकदा बघू दे." तिने काकूंच्या मांडीवरची बाटली घेतली, कुपी भरली, माझ्यासमोर ठेवली. मी जीव तोडून बघितले. गणिताने सांगितले, भेसळ.

काकूंनी तोंडावर पदर घेतला. भंगारवाल्याने दोरी काढली.

ताईने कुपी बाहेर काढली आणि तिच्या नकळत, रोज घरी बाळाच्या दुधाची बाटली टेकवते तशी, मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवली.

आणि ती थांबली. पुन्हा टेकवली.

"सर, हा मध गरम आहे."

"मग फुंकर घाला."

"नाही हो सर! उन्हाने गरम झालाय. सकाळी गार होता." तिने कुपी गार पाण्याच्या वाडग्यात बुडवून ठेवली. थोड्या वेळाने कुपी पुसून परत माझ्यासमोर. शुद्ध! मग ती कुपी उन्हात. भेसळ! परत गार पाण्यात. शुद्ध!

"हे बरंय," काकू म्हणाल्या. "माझा मध उन्हात बसला की चोर, सावलीत बसला की साव?"

ताईने आता फडताळातून स्वतःच्या हाताने पाक घातलेली कुपी काढली, ती गार केली आणि माझ्यासमोर ठेवली. गणित आनंदाने म्हणाले, शुद्ध.

ताई सरांकडे वळली. "सर, मी शुद्ध सकाळी घेत होते, भेसळ दुपारी. गणिताला मधातली साखर शोधायची गरजच पडली नाही. गार ते शुद्ध, गरम ते भेसळ, एवढंच ते शिकलं."

सरांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे आपण इतके दिवस... थर्मामीटर बनवला?"

आधी काकू हसल्या. मग ताई हसली, डोळे पुसत हसली. मग सरही हसले, पण जरा बेताने, कारण बिस्किटे त्यांनी वाटली होती.

यात माझे काय चुकले, तुम्हीच सांगा. मधात थोडे पाणी असतेच. त्याचे कण थंडीत एकमेकांना बिलगून बसतात आणि उबेत हात सैल सोडतात, त्यामुळे उजेड वेगळा खातात. मी ते पाहिले आणि सांगितले. ताईने त्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तू खरंच बोलत होतास रे. आम्ही प्रश्नच भलता विचारला."

भंगारवाला खोळंबला होता. त्याने रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून सरांनी त्याला आपली डुगडुगणारी खुर्ची देऊन टाकली. नवी येईपर्यंत सर काकूंच्या स्टुलावर बसत.

मग सगळे पहिल्यापासून. आता सगळ्या कुप्या आधी कोमट पाण्याच्या टबात एकत्र बसतात आणि सारख्या उबदार झाल्या की माझ्यासमोर येतात. कोणाचा नंबर आधी ते ठरवायला सरांच्या टोपीत चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी सर काढतात, फार गंभीरपणे. शुद्ध आणि भेसळीच्या कुप्या आता सकाळ-दुपार एकमेकींत मिसळलेल्या असतात. नीटनेटक्या ताईला सुरुवातीला हे बघवत नसे. ती डोळे मिटून कुपी पुढे करी.

या वेळी शंभरपैकी शंभर काही आले नाहीत. काही ठिपके चुकीच्या घोळक्यात जाऊन उभे राहिले. सरांचा चेहरा पडला.

"असू दे सर," ताई म्हणाली. "आता ते मध बघतंय. आधी ऊन बघत होतं."

काकूंचा मध टबात ठेवून सकाळी तपासला, दुपारी तपासला. दर वेळी शुद्ध. सर स्वतः दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "चूक आमची होती, मध यांचा चोख आहे." त्यांच्यासमोर बाटल्या परत फळीवर लागल्या. काकू मागे उभ्या राहून बाटल्यांची तोंडे सरळ करून घेत होत्या, असे सरांनीच येऊन सांगितले.

माझ्या खिडकीला आता पडदा आहे. ताईने तिच्या बाळाचे लहान झालेले दुपटे शिवून लावले आहे. त्यावर पिवळी बदके आहेत. मोठे शास्त्रज्ञ मला बघायला येतात तेव्हा आधी बदके बघतात, मग सरांकडे. सर घसा खाकरतात आणि म्हणतात, "हा आमच्या पद्धतीचा भाग आहे."

तर मित्रांनो, एवढेच मागणे आहे. तुमच्या घरातले एखादे जुने यंत्र, किंवा जुने माणूस, अचानक वेडेवाकडे बोलू लागले तर लगेच दोरी काढू नका. आधी त्याच्या जवळ जा. ते उन्हात तर बसले नाही ना, बघा. त्याच्या पाठीवरचे डबे उतरवा.

दुपार झाली. ऊन पडद्यावर आले आहे, बदके पिवळीधमक झाली आहेत. ताई टबातून कुपी काढते आहे. तिथे आता चांगला थर्मामीटर लावला आहे, खराखुरा. तरीही माझ्यासमोर ठेवण्याआधी ती कुपी एकदा मनगटाला टेकवते. आणि आसपास कोणी नसले की, मी पाहिले आहे, सरसुद्धा टेकवतात.