गुरुवारच्या बायका

आई जाऊन नऊ दिवस झाले होते. आमच्या मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मंडळीत कोणी गेलं की त्याला मरण कसं आलं ते लिहून सभेत वाचतात. फिरत्या उपदेशकांनी ते काम माझ्यावर टाकलं. "चांगली पत्नी, चांगली आई, एवढं लिही," ते म्हणाले.

वीस वर्षं दर गुरुवारी पाच बायका आमच्या स्वैपाकघरात जमत आणि आपापल्या चुका एकमेकींना सांगत. ही बैठक आईनं सुरू केली होती. तिथलं बोलणं बाहेर जायचं नाही, हा नियमही तिचाच. मला हातमागाच्या खोलीत पाठवत. भिंतीपलीकडून आईचं रडणं ऐकू येई. माझ्यासमोर ती कधी रडली नाही.

त्या पाचजणींतली एक हेस्टर ऑडी, लोकर पिंजणारी. आईनं जीव सोडला तेव्हा तिचा हात हेस्टरच्या हातात होता. मी पाणी आणायला विहिरीवर गेले होते.

आज ती ओटच्या भाकऱ्या घेऊन आली. "झालं का गं लिहून? वाच बघू. आम्हा अडाण्यांना कळेल असं लिहिलंयस ना?"

"आधी एक सांगा, मावशी. आई तिथे माझ्याबद्दल काय बोलायची?"

"गुरुवारचं गुरुवारी, पोरी."

"ती गेली आता."

"नियम कुठे गेला?"

मी कागद उचलला. शेवटची ओळ होती, 'अखेरीस ती शांत होती.' हेस्टरचं नाव मी मुद्दामच घातलं नव्हतं. पण ती समोर बसून ऐकत होती. मला लाज वाटली आणि कागदावर नसलेलं मी वाचलं, "अखेरीस तिचा हात हेस्टर ऑडीच्या हातात होता."

 हेस्टर म्हणाली, "खोड ते. त्या जागी तुझं नाव घाल. तू विहिरीवर होतीस हे कोणाला ठाऊक?"

आईजवळची ती जागाही तिनंच मला द्यावी, हे मला सोसवेना. तिला वाचता येत नव्हतं, पण ती माझ्या हाताकडे बघत होती. खोडायला कागदावर काही नव्हतंच. मी लेखणी शाईत बुडवली आणि शेवटच्या ओळीखाली तिचं नाव लिहिलं.

"खोडलंस?"

"हो."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि भाकरी माझ्याकडे सरकवली.